दिशाला ठेवून यायचं

काउंटरवरच्या मुलीनं आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या छातीशी पट्ट्यांनी बांधलेल्या दिशाकडे, आणि विचारलं, "तुमचं परतीचं तिकीट बारा दिवसांनंतरचं आहे. बाळाचं दिसत नाहीये. चुकून राहिलं का?" मी म्हणालो, नाही, चुकून नाही. तिची बोटं थांबली. "म्हणजे बाळ परत येणार नाही?" तिनं हे काही वाईट हेतूनं विचारलं नव्हतं. तिच्या पुढ्यातल्या कुठल्यातरी चौकटीत काहीतरी भरायचं असणार. पण दोन महिने मी आणि पूजा ज्या गोष्टीला 'दिशाची सोय' म्हणत होतो, तिचं एवढं साधं वर्णन तोवर कुणी केलं नव्हतं. मी म्हणालो, दहा महिन्यांनी येईल, तोवर भारतात माझ्या आईवडिलांकडे राहील. फाइलमधून पूजाच्या सहीचं, वकिलाचा शिक्का मारलेलं संमतिपत्र काढून दिलं. मुलीनं ते वाचलं, हसली, म्हणाली, आजीआजोबांची मजा आहे. मीही हसलो. बॅगा पट्ट्यावरून आत गेल्या. दिशानं माझ्या शर्टाचं वरचं बटण तोंडात घेतलं होतं, ते तिथंच होतं.

पूजा काचेच्या दाराशी उभी होती. तिला आत यायची परवानगी होती तिथवर ती आली होती आणि तिथून पुढे एक पाऊलही टाकत नव्हती. मी परत जाऊन 'झालं' म्हणालो. तिनं मला चौथ्यांदा सांगितलं की तीन चमचे पावडरला नव्वद मिली पाणी, विमान उडताना आणि उतरताना बाटली तोंडात द्यायची म्हणजे कान दुखत नाहीत, आणि तापाचं औषध हातातल्या बॅगेत आहे, वरच्या नाही. पूजा नर्स आहे, अशा याद्या तिला पाठ असतात. ती रडली नाही. नगरला असताना ती मोठ्या हॉस्पिटलात अतिदक्षता विभाग सांभाळायची. टोरांटोला आल्यावर तिला कळलं की इथे नर्स म्हणून उभं राहायचं तर दहा महिन्यांचा कोर्स करायचा, तोही दोन तास लांबच्या गावी, रात्रपाळ्यांसकट. जागा मिळाली ती याच साली. ती सोडली तर पुन्हा कधी मिळेल ते कुणी सांगेना. मी पॅकिंगची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात, माझीही पाळी दर आठवड्याला बदलते. पाळणाघराच्या यादीत दिशाचा नंबर एकेचाळिसावा. पूजाला आई नाही. तेव्हा आमच्या घरात सगळ्या गोष्टी ठरतात तशी हीही ठरली, म्हणजे कुणी एकानं ठरवली नाही आणि एके दिवशी तिकीट काढलेलं होतं.

आईअण्णांनाच तिकडे का नाही बोलावलं, असं पुढे पुष्कळांनी विचारलं. माझं उत्तर तयार असायचं: दोन गाई, अण्णांचे गुडघे, व्हिसाची कटकट. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण त्याहून खरं हे, की मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. फोनवर मी एवढंच म्हणालो होतो, आई, दिशाला तुझ्याकडं ठेवायचं म्हणतोय. ती म्हणाली, "आन की. मला काय काम हाय आता." आणि फोन ठेवता ठेवता, "पूजाचं आंगावरचं एखांदं कापड घिऊन ये. धूऊ नको." मला कापडाचा अर्थ लगेच कळला. पूजाला समजावून सांगावा लागला. मग तिनं एक जुना सुती गाऊन सलग पाच रात्री घातला आणि निघायच्या सकाळी अंगावरचा काढून, पिशवीत घालून, हवा काढून, वरून चिकटपट्टी लावून दिला.

विमानात आम्हाला पहिल्या रांगेतली जागा होती, समोरच्या भिंतीवर पाळणा अडकवता येतो ती. पाळणा म्हणजे एक खोका. त्यात बाळ झोपलं की दिवा लागतो, पट्टे बांधा म्हणून, आणि झोपलेलं बाळ उचलून मांडीवर घ्यावं लागतं. बाळ उठतं, रडतं, दिवा विझतो. अटलांटिकवर हे पाच वेळा झालं. दिशाचं रडणं मला नवीन नव्हतं, पण घरी ते भिंतींच्या आत असायचं आणि मधे पूजा असायची. इथे तीनशे माणसं ते ऐकत होती आणि प्रत्येकाला वाटत होतं की या बापाला काही येत नाही. ते खरंच होतं. मी उभा राहिलो, डोललो, शौचालयांपाशी फेऱ्या घातल्या, आणि शेवटी पिशवीची चिकटपट्टी फाडून पूजाचा गाऊन काढला. दिशाच्या तोंडाशी नेला. तिनं दोन हुंदके गिळले, कापडात नाक खुपसलं, आणि झोपली. एवढ्या लवकर झोपली की मला भीतीच वाटली. मी खाली बसलो. कापडातून मलाही वास येत होता: दुधाचा, घामाचा, पूजाच्या केसांच्या तेलाचा. तीन वर्षं त्या वासाशेजारी झोपत होतो आणि तो वास म्हणून कधी ओळखला नव्हता.

मला ओळखता येतो तो दुसरा वास. माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की आमच्या गावातली निम्मी घरं कड्या लावून ट्रकनं सांगली-कोल्हापूरच्या कारखान्यांवर जायची आणि चैत्र-वैशाखात परत यायची. पाथर्डीच्या बाजूला ही काही कौतुकानं सांगायची गोष्ट नाही, तिकडे पाऊस कमी पडतो हे जसं कुणी सांगत नाही. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस नसे ती पोरं आईबापांबरोबर जायची आणि उसाच्या पाचटाच्या खोप्यात सहा महिने काढायची. माझ्या घरी आजी होती, म्हणून मी मागे राहायचो, शाळेत जायचो, आणि लोक मला नशीबवान म्हणायचे. निघायचं ते पहाटे, पोरं झोपेत असताना. पोराला उठवायचं नाही, मागं वळून बघायचं नाही, हा नियम. उठलेलं पोर पायाला मिठी मारतं आणि टोळीचा मुकादम हॉर्न वाजवत बसतो. आणि जाणाऱ्या बाईनं आपलं नेसूचं लुगडं न धुता पोराच्या अंथरुणात ठेवून जायचं, वासावर पोर झोपतं. माझ्या गोधडीखाली आईचं हिरवं लुगडं असायचं. दिवाळीपर्यंत त्याला तिचा वास यायचा. मग तो पातळ होत जायचा आणि संक्रांतीच्या सुमाराला त्याला आजीचा, चुलीच्या धुराचा आणि मिसरीचा वास यायला लागायचा. तेव्हा मी ते लुगडं पायाखाली घ्यायला सुरुवात करायचो. एका वर्षी, मी सात वर्षांचा असेन, ट्रक आला तेव्हा मी जागा होतो. डोळे मिटून पडून राहिलो. आई आली, वाकली, गोधडी माझ्या पायांवर ओढून घेतली. मला वाटत होतं की तिला कळेल, झोपलेल्या पोराचा श्वास असा नसतो. ती गेली. तिला कळलं होतं आणि तरी ती गेली, असं मी पुढे पंचवीसेक वर्षं धरून चाललो.

लंडनला तीन तास थांबायचं होतं. तिथे उतरता उतरता दिशानं सगळं दूध ओकलं, माझ्या खांद्यावर, पट्ट्यांवर, आणि मुख्य म्हणजे गाऊनवर. आता मी अशा वेळी गडबडून जाणारा माणूस नाही. यंत्र बंद पडलं की आधी पुसून काढायचं, मग बघायचं. बाळांचे लंगोट बदलायच्या खोलीत मी दिशाला स्वच्छ केलं, कपडे बदलले, माझा शर्ट बदलला, आणि भिंतीवरच्या गुलाबी साबणानं तो गाऊन दोनदा चोळून धुतला. पिळला. हात वाळवायच्या यंत्राखाली धरून वीस मिनिटं वाळवला, एक बाजू, मग दुसरी बाजू. शेजारी एक सरदारजी आपल्या नातवाला पुसत होते, ते म्हणाले, वा. मला स्वतःचं कौतुक वाटलं. पूजाला फोटोही पाठवला: सगळं आवरलं, दिशा मजेत. पुढच्या विमानात बसून पट्टा बांधला, दिशा रडायला लागली, मी गाऊन काढून तिच्या तोंडाशी नेला, तिनं वास घेतला आणि मान फिरवली. तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. कापडाला लंडनच्या विमानतळाचा वास येत होता. हसावं की काय करावं कळेना. ज्या गावात बायका नेसूचं लुगडं न धुता ठेवून जातात त्या गावचा मी, आणि माझ्या पोरीची आई मी माझ्या हातानं साबण लावून धुऊन टाकली होती.

शेजारच्या खुर्चीवर एक पासष्टीच्या बाई होत्या. त्यांनी दिशाच्या रडण्याचा बराच वेळ अंदाज घेतला आणि मग मराठीत म्हणाल्या, "उताणी नका धरू, पालथी धरा हातावर. पोटात वारा धरलाय तिच्या." मी पालथी धरली. दिशानं ढेकर दिली. बाई म्हणाल्या, "बघा!" त्यांचं नाव प्रेमला, नगरच्या, सावेडीत घर, कन्याशाळेतून निवृत्त. मुलीच्या बाळंतपणाला सहा महिने लंडनला राहून परत चालल्या होत्या. मी पाथर्डीकडचा म्हटल्यावर त्या 'अहो'वरून 'अरे'वर आल्या आणि दिशाला मांडीवर घेऊन मला जेवून घ्यायला लावलं. बोलायची त्यांना हौस होती. जावई कसा, स्वयंपाकघर केवढं, आणि "आमच्या जावयानं बाळासाठी चार महिने रजा घेतली बरं का. मला आधी हसूच आलं. पुरुषासारखा पुरुष, घरी बसून बाटल्या उकळतोय. पण केलं हो त्यानं सगळं. आता ते पोर आईपेक्षा बापाकडे जास्त झेपावतं." मी भात खात राहिलो. अशी रजा माझ्या कंपनीतही मिळते. तिचा अर्ज माझ्या कपाटात होता. पण पुढच्या महिन्यात आमच्या विभागाचा प्रमुख बदलायचा होता आणि ती जागा मला मिळेल असं जवळजवळ ठरलेलं होतं, त्यामुळे तो अर्ज कपाटात आहे ही गोष्ट मी पूजालाही सांगितली नव्हती. "आणि तुम्ही परत कधी?" बाईंनी विचारलं. "बारा दिवसांनी जाऊ आम्ही." हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज आलं की दुरुस्त करायची सोय राहिली नाही. "एवढ्याशा जिवाला घेऊन बारा दिवसांसाठी? हौशी आहेस बाबा," त्या म्हणाल्या आणि दिशाच्या गालाला बोट लावून ते स्वतःच्या ओठांना लावलं.

दिशा त्यांच्या मांडीवर झोपली. समोरच्या पडद्यावर विमानाचं चित्र काळ्या समुद्रावरून मुंगीच्या पावलानं सरकत होतं. मी खोटं का बोललो याचा विचार करायला लागलो, आणि तो करता करता दुसरीच एक गोष्ट वर आली. मला माझ्या आईचा चेहरा दिसत होता, मांडीवर दिशा, आणि मी तिला मनातल्या मनात म्हणत होतो: आता बस. एका जागी, एका पोराजवळ, दहा महिने. आता बघ कसं बसायचं असतं ते. मी दचकलो. हे कधीपासून माझ्यात होतं? दिशाची सोय, पाळणाघर, पूजाचा कोर्स, सगळं खरं. आणि त्या सगळ्याखाली एक सात वर्षांचं पोर डोळे मिटून पडलेलं होतं आणि त्याला हिशेब चुकता करायचा होता. त्यासाठी ते माझी मुलगी घेऊन चाललं होतं. मला स्वतःची किळस आली. तरीही मी काही ठरवलं नाही, कारण विमानात बसलेल्या माणसाला ठरवण्यासारखं काही नसतं. जेवणाचे ट्रे गोळा करायला मुलगी आली, तिला ट्रे दिला.

मुंबईहून सकाळी अजिनाथच्या जीपनं निघालो. अजिनाथ माझा चुलतभाऊ, गावाकडे प्रवासी जीप चालवतो. माळशेज चढून, नगर ओलांडून, करंजीचा घाट उतरेपर्यंत तो बोलत होता आणि दिशा त्याच्याकडे टक लावून पाहत होती. पाथर्डी जवळ आली तसे समोरून ट्रॅक्टर यायला लागले, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या, त्यांत पत्रे, बाजा, हंडे, शेळ्या, माणसं. "टोळ्या निगाल्या," अजिनाथ म्हणाला. "आवंदा लवकर निगाल्या. कारखानं लवकर पेटत्यात." मी काच वर केली, धूळ येत होती म्हणून. घरासमोर आई उभी होती. तिनं भाकरीचा तुकडा आणि पाणी दिशावरून ओवाळून बाजूला टाकलं, तिच्या पायांवर पाणी घातलं, हात पुढे केले, आणि दिशानं भोकाड पसरलं. फोनमध्ये रोज जिला बघून ती टाळ्या पिटायची तीच ही बाई, हे तिला पटेना. "रडू दे," आई म्हणाली. "वळख न्हाई आजून." अण्णा खाटेवरून उठले, दिशाला घेऊन गाईंपुढे उभे राहिले, आणि गाईनं कान हलवल्यावर ती गप्प झाली.

सामान आत नेल्यावर आईनं पहिला प्रश्न विचारला. "पूजाचं कापड आनलं का?" मी गाऊन दिला. दूध नासलंय का ते बघावं तसा तिनं तो नाकाशी धरला. "ह्याला साबनाचा वास येतोय." मी म्हणालो, घाण झाला होता, लंडनला धुतला. "कोनी?" मी म्हणालो, मी. अण्णा बाहेरून हसले. "लंडनात जाऊन धुनं धुतलं व्हय रं? हितं वढा हाय की!" आई हसली नाही. तिनं गाऊनची घडी घातली, कपाटात ठेवली, आणि "आसू दे," म्हणाली. ज्या माणसाला बोलून काही उपयोग नाही त्याच्याशी ती अशी बोलते.

दोन रात्री दिशानं घर डोक्यावर घेतलं. तिसऱ्या दिवशी ती आईच्या हातून दुधात कुस्करलेली बाजरीची भाकरी खाऊ लागली. चौथ्या दिवशी अंगणात रांगली, मूठभर माती खाल्ली, आईनं बोट घालून काढली. सहाव्या दिवशी ती आईच्या कडेवर होती आणि तिथून उतरायला तयार नव्हती. मला काही काम उरलं नाही. मी पाळत ठेवावी तसा आईकडे बघत बसायचो. ती दिशाला मांडीवर घालून तेल लावायची, तिच्याशी बोलायची, गाणं-बिणं काही नाही, नुसतं, "आता हा हात. आता ह्यो पाय. जालं. आता पालती हो." तिच्या बोटांची टोकं कोयत्यानं आणि उसाच्या पात्यानं इतकी घट्टे पडलेली की दिशाच्या अंगावर ओरखडे उठतील असं वाटायचं, उठले नाहीत. मला हेवा वाटायचा. चौतिसाव्या वर्षी नऊ महिन्यांच्या पोरीचा हेवा करणारा मी एकटाच बाप असेन. त्याच आठवड्यात शेजारच्या भिमाजीची सून तोडीला निघाली. जाताना आईच्या पाया पडायला आली. तिचं लहानगं झोपेना म्हणून ट्रॅक्टर दोन तास खोळंबला होता. शेवटी ते सासूच्या खांद्यावर झोपलं तेव्हा ती आमच्या दारावरून गेली, आणि मागं वळून बघायचं नाही म्हणून रस्त्याच्या पलीकडच्या कडेला, बाभळींकडे बघत गेली.

नवव्या दिवशी संध्याकाळी पूजाचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती. कोर्सचा दुसरा दिवस, ती पहिल्यांदाच त्या हॉस्पिटलच्या निळ्या कपड्यांत होती, केस मागे घट्ट बांधलेले. आईनं दिशाला फोनसमोर धरलं. "दिशू," पूजा म्हणाली. "ए दिशू! कोण गं? कोण आहे?" दिशानं स्क्रीनकडे पाहिलं. नीट, दोन-तीन क्षण पाहिलं. मग मान वळवून आईच्या गळ्यात तोंड लपवलं आणि तिचा पदर मुठीत धरला. पूजा म्हणाली, "माझ्या या कपड्यांमुळे असेल." मग म्हणाली, "नेट बरोबर नाहीये वाटतं." नेट चांगलं होतं. मी फोन हातात घेतला तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "अजून दूध येतं रे. थांबायच्या गोळ्या चालू आहेत तरी. मधेमधे बाथरूममध्ये जाऊन काढून टाकावं लागतं. बरं, मला जायचंय." मी फोन खिशात ठेवला. आईनं दिशाला माझ्याकडे दिलं आणि ती गोठ्यात गेली. दिशा तिच्याकडे झेपावत रडत राहिली. मी गोठ्याच्या दारात जाऊन म्हणालो, घे की जरा. "माजे हात शेनाचे हायत," ती म्हणाली. हात स्वच्छ होते, मी पाहिले. त्या संध्याकाळी तिनं दिशाला पुन्हा घेतलं नाही. पोरगी रडून रडून माझ्याच खांद्यावर झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई भाकरी थापत होती, मी दिशाला घेऊन समोर बसलो होतो. परातीतून नजर वर न करता ती म्हणाली, "जाशील तवा पोरगी घिऊन जा." मला वाटलं, दमली असेल. मी म्हणालो, झेपत नसलं तर गावातली एखादी बाई बघू मदतीला. "मला झेपतंय. मला दोन पोरी झेपत्याल. पन मी ठिवनार न्हाई." मी पूजाचा कोर्स सांगितला, रात्रपाळ्या सांगितल्या, एकेचाळिसावा नंबर सांगितला. तिनं सगळं ऐकून घेतलं. "मग तिकडं कोण बघणार तिला?" मी विचारलं. "तू बग." "मी?" "इमानात कोनी बगितलं?" टोरांटोच्या कपाटातला रजेचा अर्ज मला आठवला, त्याचा राग आला. इतकी वर्षं जे बोललो नव्हतो ते मी बोललो.

त्या दुपारी मी फोनवरून दिशाचं तिकीट काढलं आणि कंपनीला रजेचं पत्र पाठवलं. पूजाला कळवलं तेव्हा ती म्हणाली, "आणि तुझं प्रमोशन?" मी म्हणालो, जाईल. ती म्हणाली, "आई रागावल्यात का?" मी म्हणालो, नाही, नको म्हणाली एवढंच. मग पूजा रडायला लागली, आणि रडता रडता म्हणाली की विमान कधी पोचतंय, ती रजा टाकते, कोर्समधून एक दिवसाची मिळते. अण्णा अजिनाथला सांगायला गेले की जीपमध्ये पोरीचंही सामान असेल. सगळं घडाघड झालं. पण आई नको का म्हणाली, ते मी पूजाला अजून सांगितलेलं नाही. सांगायला बसलो तर मला सांगता येईल असं वाटत नाही.

मी बोललो होतो ते एवढंच: "मला नव्हतं का ठेवलंस? मी नाही झालो मोठा?"

आईनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "ठिवलं हुतं की," ती म्हणाली. "एका वर्षी मी जागा होतो," मी म्हणालो. "तू गोधडी ओढलीस तेव्हा मी जागा होतो." "आसशील. मी तुज्या तोंडाकडं कदी बगितलं न्हाई. बगितलं आसतं तर ट्रकपोतर गेले नसते." तिनं भाकरी उलटली. "जाताना पोर रडतं, ते सोसतं बाबा. आपुनबी रडतोय, दोन दिस जात्यात, मग काम आसतं. तुला ठावं न्हाई ते दुसरंच हाय. तू साडेतीन वर्साचा हुतास. पयल्यांदाच मागं ठिवला हुता तुला. त्या साली कारखाना लांबला, वैशाख सरायला आला तवा आमी आलो. ट्रक फाट्यावर थांबला. बाकीच्या बाया सामान उतरवीत हुत्या, मी तशीच पळत आले. तू हितंच खेळत हुतास, एकलाच. म्या म्हनलं, सुन्या. तू वर बगितलंस. म्हनलास, आजी रानात गेली. यील आता. बसा."

मला यातलं काहीच आठवत नाही. मी आठवून पाहिलं, तेव्हाही आणि नंतर विमानातही, दिशा मांडीवर असताना. मला निघालेले ट्रक आठवतात, एकेक. परत आलेला एकही आठवत नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. वट्यावर बसले. तू आत गेलास आन पान्याचा गलास भरून आनलास. दोनी हातांनी धरून. निम्मं सांडलं येईपोतर. आजीनं शिकवलं आसंल तुला, पावनं आलं की पानी द्यायचं."

"तू सांगितलं नाहीस? की मी तुझी आई आहे म्हणून?"

"सांगनार हुते," आई म्हणाली. "पन तू गलासाला हात लावून उबा हुतास, कवा रिकामा हुतोय ते बगत. म्हनलं, आदी पानी पिऊन घ्यावं."